फँटसी हॉकी: गोल आटलेल्या खेळाडूला सोडायचं की धरून बसायचं

फँटसी हॉकीत खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायची आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर जिंकायचं. ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडणं, होऊन महिना झालाय, नोव्हेंबर उजाडलाय आणि तुमच्या दुसऱ्या राउंडच्या खेळाडूचे पंधरा मॅचमध्ये दोन गोल आहेत. हा लेख त्या दिवसासाठी आहे. लीग कशी लावायची, ड्राफ्ट कसा करायचा हे तुम्हाला येतं असं धरूनच लिहितेय. मी इथे कॅनडातल्या मिसिसागात बारा जणांच्या लीगमध्ये बरीच वर्षं खेळतेय, एनएचएलची (उत्तर अमेरिकेतली बर्फावरच्या हॉकीची लीग), कॅटेगरीवाली, म्हणजे गोल, असिस्ट (गोल होण्याआधीचा पास), पॉवरप्ले पॉइंट (समोरचा एक जण पेनल्टीत असतानाचे), शॉट, हिट (अंगाने दिलेली धडक) असं दर आठवड्याला मोजायचं आणि समोरच्यापेक्षा जास्त कॅटेगरी जिंकायच्या. दर वर्षी एकच सल्ला कानावर येतो, की जो तापलाय त्याला उचला आणि जो थंड पडलाय त्याला टाका. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने चांगल्या चांगल्या टीम डिसेंबरच्या आत संपतात.

नाशिकचा माझा दादा क्रिकेटची फँटसी खेळायचा, त्याची टीम एका मॅचपुरती असायची, रात्री मॅच संपली की विषय संपला, त्यामुळे त्याच्यासाठी फॉर्म म्हणजेच सगळं. हॉकीत तसं नाही. ऑक्टोबर ते एप्रिल, ८२ मॅच, २०२६-२७ पासून तर ८४, आणि तुम्ही सोडलेला माणूस कुठे गायब होत नाही, दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला उचलतं आणि तो उरलेला सीझन तुमच्याविरुद्ध खेळतो.

सोपी कामं आधी

जखमी खेळाडू आयआरच्या (जखमींसाठी राखीव) जागेत टाका आणि त्याच दिवशी मोकळ्या जागेवर कोणीतरी घ्या. सोमवारी सकाळी आठवड्याचं वेळापत्रक बघा, कोणाच्या चार मॅच आहेत आणि कोणाच्या दोनच. मंगळवार, गुरुवार, शनिवारी जवळजवळ सगळ्या टीम खेळतात, त्या दिवशी तुमचेच खेळाडू बाकावर बसतात, म्हणून टीममधली शेवटची एक जागा सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार खेळणाऱ्यासाठी फिरती ठेवा. एकच जागा, तीन नाही. गोलकीपर आज खेळणार की नाही ते डेली फेसऑफ या साइटवर बघून मगच लावा, लागोपाठ दोन रात्री मॅच असल्या तर बहुतेक कोच दोन वेगळे गोलकीपर खेळवतात. प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना टीमने केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बघून कोणाला घेऊ नका, कोणाला सोडूही नका.

झालं. आता खरं काम.

२०२१ मध्ये मी काय केलं

त्या वर्षी कोविडमुळे सीझन जानेवारीत सुरू झाला, ५६ मॅचचाच होता. माझ्याकडे न्यूयॉर्क रेंजर्सचा मिका झिबानेजाद होता. आदल्या सीझनला ५७ मॅचमध्ये ४१ गोल मारलेला माणूस, पण कोविडमधून उठून आलेला, आणि मार्च उजाडला तरी त्याचे गोल हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. मी रोज सकाळी उठून त्याच्या नावापुढचा शून्य बघायचे. कंटाळले आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोडून दिलं.

१७ मार्चला रेंजर्सनी फिलाडेल्फियाला ९-० हरवलं. त्यात दुसऱ्या एकट्या पीरियडमध्ये झिबानेजादचे तीन गोल आणि तीन असिस्ट, म्हणजे वीस मिनिटांत सहा पॉइंट, एनएचएलच्या विक्रमाची बरोबरी. २५ मार्चला पुन्हा फिलाडेल्फियाच, ८-३, पुन्हा हॅटट्रिक आणि पुन्हा सहा पॉइंट. दोन्ही रात्री तो माझ्या लीगमधल्या दुसऱ्या कोणाच्या तरी टीममध्ये होता. सीझन संपला तेव्हा त्याचे २४ गोल आणि ५० पॉइंट होते.

मला वाईट वाटलं ते सोडल्याचं नाही, मी बघितलं काय होतं आणि काय नव्हतं त्याचं. मी फक्त गोल बघत होते. तो शॉट मारत होता, पहिल्या पॉवरप्लेवर उभा होता, कोचने त्याला खाली ढकललं नव्हतं. हे सगळं समोर दिसत होतं, मी उघडून बघितलं नाही. तेव्हापासून कोणालाही सोडण्याआधी मी खालच्या क्रमाने बघते आणि क्रम बदलत नाही.

आधी शॉट मोजा

गोल हा शेवटचा आकडा आहे, त्याच्या आधी शॉट असतो, आणि शॉट खेळाडूच्या हातात जास्त असतो. गेल्या दहा-पंधरा मॅचमध्ये मॅचमागे किती शॉट मारले ते काढा आणि त्याच खेळाडूच्या मागच्या दोन-तीन सीझनशी ताडून बघा. समजा पंधरा मॅचमध्ये ४५ शॉट आणि २ गोल. म्हणजे मॅचमागे तीन शॉट, उत्तम, आणि शंभरात साडेचार आत जातायत. त्याच माणसाचा आजवरचा हिशोब शंभरात बारा असेल तर या ४५ शॉटवर पाच-सहा गोल व्हायला हवे होते. कमी किती पडले? तीन-चार. तीन-चार गोल म्हणजे दोन पक (हॉकीतली चकती) खांबाला लागून बाहेर आले आणि दोन समोरच्या गोलकीपरने भारी अडवले, एवढंच. यासाठी तुम्ही दुसऱ्या राउंडचा खेळाडू फुकट देणार आहात का?

आता उलटा. वेव्हर वायरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंच्या यादीत) एक जण दिसतोय, पंधरा मॅचमध्ये ७ गोल, सगळे त्याच्यावर तुटून पडलेत. शॉट बघा. २०. म्हणजे ३५ टक्के शॉट आत जातायत आणि मॅचमागे दीड शॉटही नाही. इतके टक्के कोणीच टिकवत नाही. फॉरवर्डचा साधारण आकडा १० ते १२ असतो आणि डिफेन्समनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास.

इथे एक चूक हमखास होते, लोक प्रत्येकाला त्या सरासरीशी तोलतात. ते करू नका, माणसाला त्याच्याच इतिहासाशी तोला. एडमंटनच्या लिऑन ड्रायसाइटलने २०१८-१९ मध्ये ५० गोल मारले आणि २०२४-२५ मध्ये ५२, दोन्ही वेळा त्याचे २१ टक्क्यांच्या वर शॉट आत गेले. तो नेटच्या अगदी बाजूच्या, बाकीच्यांना अशक्य वाटणाऱ्या कोनातून मारतो आणि त्याला टीममध्ये मॅकडेव्हिडसारखा पास देणारा आहे. त्याचे १९ टक्के बघून आता हा घसरणार म्हणून विकून (दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून) मोकळा झालेला माणूस मी पाहिलाय.

मग बर्फावरची मिनिटं आणि पॉवरप्ले

शॉट ठीक आहेत म्हणून लगेच थांबू नका, कारण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे: कोचला हा अजून हवाय का? मिनिटं बघा. अठरा मिनिटं खेळणारा सोळावर आला, मग चौदावर आला, तर शॉटचे टक्के कितीही कमी असू देत, ते परत वर येतील याची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण वर यायला बर्फावर तर असायला पाहिजे.

आणि पॉवरप्ले. क्रिकेटवाला नाही, इथला, समोरच्याचा एक जण पेनल्टीत जाऊन बसला की दोन मिनिटं पाचावर चार. प्रत्येक टीमचे दोन गट असतात आणि बहुतेक ठिकाणी पहिला गट त्या दोन मिनिटांतला मोठा वाटा खातो. पहिल्या गटात असणं आणि दुसऱ्या गटात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सॅम रेनहार्टने २०२३-२४ मध्ये फ्लोरिडासाठी ५७ गोल मारले, त्यातले २७ पॉवरप्लेवर. २०२२-२३ च्या एडमंटनचा पॉवरप्ले ३२.४ टक्के वेळा गोल करत होता, तिथे पहिल्या गटातल्या पाचव्या माणसालाही पॉइंट मिळत होते. म्हणून माझा खेळाडू पहिल्या गटातून दुसऱ्यात गेला की मी त्याच दिवशी सावध होते, आणि वायरवरचा कोणी दुसऱ्यातून पहिल्यात आला की त्याचे आकडे यायच्या आधी उचलते. आकडे आल्यावर उचलायला अकरा जण तयार असतात.

हे दोन्ही एकत्र कसं वाचायचं त्यासाठी मी नेहमी दोन नावं सांगते.

विल्यम कार्लसन. २०१६-१७ ला कोलंबसमध्ये ६ गोल. पुढच्या वर्षी व्हेगासची नवी टीम आली, तिथे ४३ गोल, २३.४ टक्के शॉट आत. टक्के बघून अर्धं जग म्हणत होतं, विका, हा नशिबावर चाललाय. टक्के खरंच टिकणारे नव्हते, त्यानंतरच्या वर्षी २४ गोल झाले. पण त्या सीझनमध्ये ज्याने त्याला लवकर विकलं त्याने चूक केली, कारण बदललेले फक्त टक्के नव्हते, तो खालच्या लाइनवरून (लाइन म्हणजे एकत्र बर्फावर उतरणारी तिघांची फळी) थेट पहिल्या लाइनचा सेंटर झाला होता आणि मिनिटं कितीतरी वाढली होती. टक्के निम्मे झाले असते तरी तो ठेवण्यासारखा खेळाडू होता.

जेफ स्किनर, बफेलो. २०१८-१९ ला ४० गोल, पुढच्या वर्षी ५९ मॅचमध्ये १४. त्याच्या पुढच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, ५३ मॅचमध्ये ७. त्याच्याकडे बघून लोक म्हणायचे, टक्के किती कमी आहेत बघा, वर येणारच. नाही आले, कारण त्या वर्षी कोच त्याला खालच्या लाइनवर खेळवत होता आणि फेब्रुवारीत तर दुखापत नसताना काही मॅच बाहेर बसवला. मार्चमध्ये कोच बदलला, आणि २०२१-२२ मध्ये वरच्या लाइनवर ३३ गोल.

तर नियम असा. टक्के कमी पण शॉट, मिनिटं आणि पॉवरप्ले जागेवर, तर धरून ठेवा, जमलं तर दुसऱ्याच्या टीममधलाही असा कोणी कंटाळलेल्या मालकाकडून मागून घ्या. टक्के कमी आणि मिनिटंही गेली, तर सोडा, नाव कितीही मोठं असो. टक्के जास्त आणि काम वाढलंय, तर ठेवा. टक्के जास्त आणि काम तेच जुनं, तर या आठवड्यात विका, पुढच्या नाही. आणि कोणत्याही टीमचा कोच बदलला की त्या टीमचे सगळे हिशोब नव्याने मांडा.

असिस्टवाल्यांचं काय

पास देणाऱ्या खेळाडूला स्वतःच्या शॉटने मोजता येत नाही. त्याच्यासाठी नॅचरल स्टॅट ट्रिक या आकड्यांच्या साइटवर जा आणि तो बर्फावर असताना पाच विरुद्ध पाचमध्ये त्याच्या टीमचे किती टक्के शॉट आत जातायत ते बघा. साधारण ८ ते ९ असतं. १३ दिसलं तर त्याचे असिस्ट कमी होणार. ५ दिसलं तर तो पास बरोबर देतोय, समोरच्याला मारता येत नाहीये, थांबा.

जिथे आकडे खोटं बोलतात

एका ठिकाणी मात्र हे सगळं बाजूला ठेवा. मॅचमागे चार शॉट मारणारा माणूस अचानक दीडवर आला, मिनिटं तीच, लाइन तीच, तर त्याला काहीतरी दुखतंय. एनएचएलच्या टीम दुखापत सांगत नाहीत, अपर बॉडी, लोअर बॉडी एवढंच म्हणतात, आणि जो खेळतोय त्याच्याबद्दल तेही म्हणत नाहीत. अशा वेळी एक मॅच, निदान एक पीरियड, स्वतः बघा. मी एकाला असंच बघितलं, मनगटाने झटकन मारायचा तो पक मिळाला की लगेच पास देत होता, रिकामी जागा समोर असताना सुद्धा. मी त्याला बाकावर बसवला पण सोडला नाही, तीन आठवड्यांनी टीमने त्याला जखमी जाहीर केलं आणि मी आयआरमध्ये टाकला. आकड्यात दिसत होतं की शॉट कमी झालेत, का कमी झालेत ते बघितल्याशिवाय कळलं नसतं.

आणि किती थांबायचं हा प्रश्न सगळे विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या तीन राउंडमधल्या कोणालाही वीस मॅचच्या आत सोडायचं नाही, कोचने त्याचं काम काढून घेतलं तरच सोडायचं. शेवटच्या तीन राउंडमधल्या कोणालाही वीस मॅच द्यायच्या नाहीत.

गोलकीपर वेगळे आहेत. दहा मॅचच्या सेव्ह टक्क्यावरून (आलेल्या शॉटपैकी किती अडवले) त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही, अलीकडे सगळ्यांची सरासरीच .९०० च्या जवळ आलीय, त्यामुळे एका वाईट रात्रीने आकडा पार खाली जातो. त्यांच्यात फक्त एक गोष्ट बघा, नेटमध्ये उभं कोण राहतंय. जानेवारी २०१९ मध्ये सेंट लुईस सगळ्यात तळाला होती, त्यांनी जॉर्डन बिनिंग्टनला उभं केलं आणि त्याच्या हातून नेट सुटलंच नाही, सीझनअखेर २४ विजय, जूनमध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. दुसऱ्या नंबरच्या गोलकीपरला सलग तीन मॅच मिळाल्या की उचला, चौथीची वाट बघू नका.

जानेवारीत एक काम करून ठेवा: तुमच्या लीगची ट्रेडची शेवटची तारीख आणि प्लेऑफचे आठवडे कॅलेंडरवर मांडा, त्या आठवड्यांत कोणाच्या चार मॅच आहेत ते बघा आणि ज्यांच्या दोनच आहेत ते खेळाडू फेब्रुवारीतच बदलून घ्या, तेव्हा कोणी तिकडे बघत नसतं. तुमची फायनल एनएचएलच्या अगदी शेवटच्या आठवड्यात येत असेल तर कमिशनरला (तुमची लीग चालवणाऱ्याला) सांगून पुढच्या वर्षी एक आठवडा अलीकडे घ्यायला लावा, कारण ज्या टीमची जागा पक्की झालेली असते त्या तेव्हा आपले मोठे खेळाडू बसवून ठेवतात.