ओरियाकमध्ये आठवड्याला बारा तास

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्या मुलामुलींचे मला दरवर्षी दोन प्रश्न येतात. फ्रान्समधल्या शाळेत असिस्टंटशिपला जाऊ का? आणि मी इंग्रजीत एमए नाही, बीएडही नाही, तिथे जाऊन इंग्रजी काय शिकवणार? दुसऱ्याचं उत्तर आधी देते. शिकवायचं फारसं नसतंच, मुलांना बोलतं करायचं असतं. ऐकायला सोपं वाटतं, पण मला ते जमायला नोव्हेंबर उजाडला.

आधी कोरडी माहिती. फ्रान्सच्या सरकारी शाळांमध्ये परदेशी भाषा-साहाय्यक नेमतात. करार १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल असा सात महिन्यांचा, काम आठवड्याला १२ तास, हातात महिन्याला साधारण ८०० युरो. भारतातली निवड फ्रेंच इन्स्टिट्यूटमार्फत होते. वयाच्या, पदवीच्या अटी दरवर्षी थोड्या सरकतात, त्या तिथेच वाचा, मैत्रिणीच्या जुन्या मेलवर विसंबू नका. फ्रेंच निदान बी-वन, म्हणजे मध्यम पातळीचं, हवं, कारण वर्गात इंग्रजी चालेल, पण बँकेत आणि घरमालकिणीपुढे चालणार नाही. अर्जात पसंतीच्या अकादमी, म्हणजे शिक्षणखात्याचे विभाग, लिहायच्या असतात. सगळे पॅरिस लिहितात. ८०० युरोंत पॅरिसमध्ये खोलीचं भाडं दिलं की पुढे काय खायचं, हा विचार अर्ज भरताना कुणी करत नाही.

मला क्लेर्माँ-फेराँ अकादमी मिळाली, आणि तिच्यातलं ओरियाक. क्लेर्माँहून रेल्वेने अडीचेक तास, डोंगरातलं गाव. फ्रान्समध्ये ते दोन गोष्टींसाठी माहीत आहे: छत्र्या, आणि हवामानाच्या बातम्यांत येणारा थंडीचा आकडा. दोन्ही खऱ्या निघाल्या.

पहिल्या तासाला मी ४० स्लाइड घेऊन गेले. ताजमहाल, लोकसंख्या, दिवाळी, वडापाव. समोर कात्रिएमचा वर्ग, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची पोरं. (फ्रान्समध्ये इयत्ता उलट्या मोजतात. सिझिएम, म्हणजे सहावी, ही माध्यमिकची पहिली, आणि तिथून आकडा उतरत जातो.) मी पन्नास मिनिटं बोलले, वर्ग चिडीचूप. मनात म्हटलं, काय झकास तास झाला! बाहेर आल्यावर माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेने कॉफी ओतता ओतता विचारलं, "मुलं किती मिनिटं बोलली?"

एकही नाही. आपल्याकडे वर्ग शांत म्हणजे बाई चांगल्या. तेच डोक्यात घेऊन मी गेले होते.

मग अर्धा वर्ग वेगळ्या खोलीत न्यायला लागले, आठ-दहा जण. एक चित्र, एक प्रश्न, आणि नंतर गप्प. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. दोन सेकंदांत माझ्याच तोंडातून उत्तर निघायचं. शेवटी मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची सवय लावली. सातच्या आसपास कुणीतरी बोलतंच.

एकदा एक मुलगा तोंड वाकडं करून म्हणाला, "आय एट इंग्लिश." त्याला म्हणायचं होतं हेट. फ्रेंचमध्ये ह उच्चारतच नाहीत, त्यामुळे झालं, मी इंग्रजी खाल्लं. मी विचारलं, मीठ बरोबर होतं का? वर्ग हसला, आणि हसताना सगळ्यांच्या तोंडून अगदी खणखणीत ह निघाला. त्या 'ह'लाच पकडून बसलो आम्ही तो तास.

पुढच्या आठवड्यात कागदाची पट्टी ओठांसमोर धरायचा खेळ केला. इंग्रजांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीचा प हवा सोडतो, पट्टी हलते. मुलांच्या 'पेन'ला पट्टी ढिम्म. मी ऐटीत माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हटलं, पेन. माझीही ढिम्म! आपला मराठी प तसाच, फ्रेंचांसारखाच कोरडा. मग ओठ मिटून 'फळ' मधला फ काढला, तेव्हा कुठे ती फडफडली. बालवाडीपासून इंग्रजी बोलतेय, पण हे मला तिथे, फ्रेंच पोरांसमोर कळलं. त्यांना 'फळ' म्हणायला शिकवलं आणि त्यांचं 'पेन' सुधारलं. असा उलटा रस्ता कुठल्याही पुस्तकात मला सापडला नव्हता.

त्यांना वाटायचं, इंग्रजी आकडे अवघड. ज्यांच्याकडे सत्तर म्हणजे साठ-दहा आणि ऐंशी म्हणजे चार-वीस, त्यांनी हे म्हणावं! मी फळ्यावर एकोणसत्तर ते एकोणऐंशी लिहिले. त्यानंतर तक्रार बंद. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' आणलं तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ झाला, तेही सांगितलं. त्यावर अर्ध्या वर्गाने बालभारतीची बाजू घेतली.

एक गोष्ट आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या गळ्यात आजीने दिलेला गणपतीचा छोटा लॉकेट होता. साहाय्यक हा सरकारी नोकरीत असतो, आणि फ्रान्समध्ये सरकारी नोकराने कामावर धर्माची खूण दिसू द्यायची नसते. १९०५ मध्ये चर्च आणि राज्य वेगळं झालं, तिथून आलेली ही शिस्त. माझ्या मार्गदर्शक बाईंनी बाजूला घेऊन हळूच सांगितलं. त्या पंचावन्नच्या, आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, आपण अरे-तुरे करू. शिक्षकांच्या खोलीत तशीच रीत आहे. मला मात्र त्यांना 'तू' म्हणायला महिना लागला. लॉकेट स्वेटरच्या आत गेलं. थंडीमुळे ते तसंही तिथेच जाणार होतं.

शाकाहारी असाल तर शाळेच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एकदा बिनमांसाचं जेवण असतं, २०१९ पासून तसा कायदाच आहे. बाकीचे दिवस बटाटा आणि चीज. ओरियाकमध्ये त्याला त्रुफाद म्हणतात आणि ते छान लागतं, पण त्यात बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या.

पैशांचं नीट ऐका. निघताना निदान १,२०० ते १,५०० युरो जवळ ठेवा. माझी कागदपत्रं कुठेतरी अडकली आणि पहिला पगार नोव्हेंबरच्या शेवटी आला. तोवर खोलीचं डिपॉझिट, भाडं, गरम बूट, सगळं घरच्या पैशांतून. भाड्याला जामीनदार मागतात. तो नसेल तर 'व्हिझाल' नावाची फुकट हमी ऑनलाइन काढता येते, तिशीपर्यंतच्यांना मिळते. पोचल्यापासून तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो, हे विसरणारे दरवर्षी निघतात. आणि एप्रिलअखेर निघताना बँकेचं खातं बंद करू नका. डिपॉझिट परत करायला घरमालकाला महिना, कधी दोन महिने मुदत असते, आणि माझं जूनमध्ये, मी सांगलीत आंबे खात असताना, त्याच खात्यात जमा झालं.