माल एक जीबीचा, तरी 64चा पेनड्राइव्ह फुल्ल!

आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं काम. लूमच्या कॉम्प्युटरचा बॅकअप, 2-3 केबीच्या साडेचार लाख फायली, घ्यायला गेलो तर पेनड्राइव्ह भरतच आला, म्हटलं दुकानदाराने डुप्लिकेट गळ्यात मारला काय बे. मग प्रॉपर्टीज बघितली, साइज एक जीबी अन् साइज ऑन डिस्क 55! एक्सफॅटमध्ये (पेनड्राइव्हवर फायली मांडायची एक पद्धत) पेनड्राइव्ह 32 जीबीच्या वरचा असला की विंडोज आपोआप 128 केबीचे खण पाडतं, फाइल 2 केबीची असली तरी अख्खा खण अडतो, म्हणजे पोत्यात एकच शेंगदाणा. डेटा हलवून परत फॉरमॅट मारला, अलोकेशन युनिट साइज, म्हणजे खणाचं माप, 4096 बाइट्स (4 केबी) केली, दोन जीबीच्या आत सगळं बसलं. कॉपीला मात्र जेवण होऊन चहा झाला. लग्नाचे व्हिडिओ ठेवायचे असतील तर हे करू नका, तिथं मोठेच खण बरे.