पाय काढल्यानंतर घरी: जखम कशी बघावी, दुखणं कसं ओळखावं

मधुमेहात पायाची जखम चिघळली की कधी कधी गुडघ्याखालून पाय काढावा लागतो. रुग्ण घरी येतो आणि ड्रेसिंग बायकोच्या नाहीतर सुनेच्या गळ्यात पडतं. हे त्यांच्यासाठी.

आधी साबणाने हात धुवा आणि रोज उजेडात जखम बघा. खालच्या बाजूला हातआरसा धरा. लाली दिसली तर तिच्या कडेने पेनने रेघ मारून डॉक्टरांना कळवा. ती रेघेपलीकडे पसरली, पू किंवा घाण वास आला, टाके उसवले, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी दाखवा. ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मधुमेह्याला संसर्ग होऊनही ताप येत नाही असं होतं. कारण नसताना वाढलेली साखर हीच कधी पहिली खूण असते. हुडहुडी भरली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा कातडी दाबल्यावर कुरकुरली, तर मध्यरात्रीही रुग्णालय गाठा.

हळद, राख, शेजारच्यांचा लेप, काहीही लावू नका. तंबाखू आणि मिश्री बंद. त्यांनी रक्तपुरवठा घटतो. (मिश्रीला कुणी व्यसन समजत नाही, म्हणून मुद्दाम विचारा.)

डॉक्टरांनी सांगितल्यावरच क्रेप बँडेज बांधा. गोल वेढे आवळतात, म्हणून इंग्रजी आठासारखे तिरपे वेढे घ्या, टोकाशी घट्ट, वर सैल. गुडघ्याखाली उशी नको. गुडघा वाकलेला आखडला की कृत्रिम पाय बसवणं अवघड होतं.

आता दुखणं. जखमेतच ठणका, हात लावू देत नाही आणि रोज वाढतोय, तर संसर्गाची शंका घ्या. पण नसलेल्या अंगठ्यात कळ, पेटके, जळजळ? हे खरं दुखणं आहे. भ्रम नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. वेड्यात काढतील म्हणून माणसं ते लपवतात, तेव्हा तुम्हीच विचारा. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे बऱ्याचदा पुरत नाहीत. मज्जातंतूंच्या दुखण्याची औषधं डॉक्टर ठरवतात.

या दुखण्यावर मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात मांडलेला आरशाचा उपाय फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. दोन्ही पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवून चांगल्या पायाच्या प्रतिबिंबाकडे बघत तो पाय सावकाश हलवायचा, रोज पंधराएक मिनिटं. सगळ्यांना गुण येत नाही, पण खर्च आरशापुरताच. कळ वाढली तर थांबा.

जखम भरून काही महिने झाल्यावर एकाच जागी टिचकी मारताच झटका बसत असेल, तर तिथे कापलेल्या मज्जातंतूची गाठ झालेली असू शकते. ती जागा सर्जनला बोट ठेवून दाखवा.