कायद्याची पदवी आणि कॅनडाचा पीआर: मूल्यांकनात या चुका टाळा

माझी एक वकील मैत्रीण एक्सप्रेस एंट्रीचं (कॅनडात कायमस्वरूपी राहण्याच्या परवानगीसाठी, म्हणजे पीआरसाठी, गुणांवर निवड करणारी सरकारी पद्धत) प्रोफाइल भरत होती तेव्हा मी तिच्या शेजारी बसले होते. शिक्षणाच्या भागात पदवीचं मूल्यांकन कुठल्या संस्थेने केलं ते विचारतात आणि खाली संस्थांची यादी उघडते. तिने ती यादी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. हातात परदेशी कायद्याच्या पदव्या तपासणाऱ्या एनसीएचं पत्र होतं. त्यासाठी तिने फी भरली होती, कित्येक महिने वाट पाहिली होती. यादीत एनसीएचं नावच नव्हतं.

परदेशात कायदा शिकलेल्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती होण्यामागे कारणही आहे. डॉक्टरांना पीआरसाठीचं मूल्यांकन मेडिकल कौन्सिल ऑफ कॅनडाकडून करून घ्यावं लागतं, फार्मासिस्टना फार्मसी एक्झामिनिंग बोर्डाकडून. मग वकिलांचं मूल्यांकनही वकिलांचीच संस्था करत असणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं नाही. एनसीए म्हणजे नॅशनल कमिटी ऑन ॲक्रेडिटेशन ही फेडरेशन ऑफ लॉ सोसायटीजची, म्हणजे वकिलीचे परवाने देणाऱ्या प्रांतांच्या संस्थांच्या महासंघाची, समिती आहे. कॅनडात वकिलीच्या परवान्याकडे जायचं तर तुम्हाला आणखी काय शिकावं लागेल, एवढंच ती सांगते. इमिग्रेशन खात्याचा प्रश्न वेगळा असतो: तुमची पदवी कॅनडातल्या कुठल्या पातळीच्या शिक्षणाइतकी आहे? त्याचं उत्तर ईसीए (शैक्षणिक पात्रतेचं मूल्यांकन) नावाच्या अहवालातून मिळतं, आणि वकिलांनी तो सर्वसाधारण मूल्यांकन संस्थांकडूनच घ्यायचा असतो. सगळे जिला ‘वेस’ म्हणतात ती वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, आयकॅस, अल्बर्टा सरकारची आयक्वास या त्यातल्या काही.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. ईसीए हातात आला की वकिली करता येईल असं समजून लोक तिथे पोहोचतात. ईसीएने परवान्याचं काहीच होत नाही. त्यासाठी एनसीएच लागते: कॅनडाचा संविधान कायदा, प्रशासकीय कायदा, फौजदारी कायदा, कॅनडाच्या कायद्याची मूलतत्त्वं आणि व्यावसायिक जबाबदारी हे पाच विषय जवळपास सगळ्यांना पूर्ण करावे लागतात. मग प्रमाणपत्र, आणि त्यानंतर प्रांताच्या लॉ सोसायटीची प्रक्रिया. क्वेबेकमध्ये नागरी कायद्याची परंपरा असल्यामुळे तिथली वाट आणखी वेगळी. माझं स्पष्ट मत आहे की पीआरची घाई असेल तर आधी ईसीए मागवा. एनसीएचा अर्ज त्यासोबतच चालू ठेवता येतो, त्यासाठी कॅनडात राहत असण्याची गरज नसते.

आता गुणांकडे येऊ, कारण खरं नुकसान इथे होतं. प्रोफाइल भरलं की तुम्ही उमेदवारांच्या यादीत जाता, आणि जास्त गुण असलेल्यांना पीआरचा अर्ज करण्याचं निमंत्रण येतं.

एक्सप्रेस एंट्रीत एकट्याने अर्ज करणाऱ्याला बॅचलर पदवीचे १२० गुण मिळतात, दोन किंवा अधिक पदव्यांचे १२८, आणि मास्टर्स किंवा ‘व्यावसायिक पदवी’चे १३५. व्यावसायिक पदवीच्या व्याख्येत कायद्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ते वाचून लोक खुशाल तो पर्याय निवडतात आणि १३५ गुण धरून चालतात. पण तुम्ही कायदा शिकलात एवढ्याने ते गुण मिळत नाहीत. अहवालात ‘कॅनडातील समकक्षता’ म्हणून एक ओळ असते. तिथे कायद्याची व्यावसायिक पदवी असं लिहिलं असेल तरच तो पर्याय तुमचा. नुसतं ‘बॅचलर पदवी’ लिहिलं असेल तर बॅचलरच भरायचं. शाळा संपल्यावर थेट घेतलेली एलएलबी आणि आधी एक पदवी घेऊन मग केलेली एलएलबी यांचा निकाल सारखाच लागेल असं गृहीत धरू नका. अहवाल हातात आला की सगळ्यात आधी ती ओळ वाचा, मगच प्रोफाइल भरा.

दोन पदव्या असलेल्यांकडून आणखी एक संधी हातची जाते. बीए किंवा बीकॉम करून मग एलएलबी केलेले बरेच जण फक्त एलएलबीचं मूल्यांकन करून घेतात, कारण ‘सर्वोच्च पदवीपुरता ईसीए पुरतो’ असं त्यांनी ऐकलेलं असतं. साधारणपणे ते खरंही आहे. पण दोन पदव्यांचे गुण हवे असतील तर दोन्ही पदव्या अहवालात असाव्या लागतात आणि त्यातली एक किमान तीन वर्षांची असावी लागते. फरक फक्त ८ गुणांचा नाही. भाषेच्या परीक्षेत चारही भागांत सीएलबी ९ (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची नववी पातळी) असेल तर शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे वेगळे गुण मिळतात: एका पदवीला २५, दोन पदव्यांना ५०. म्हणजे एकूण ३३ गुण. हे गणित लक्षात न आल्यामुळे माझ्या ओळखीचे दोन जण वर्षभर यादीत थांबून राहिले. एलएलएम केलं असेल तर त्याचं मूल्यांकन आधी करून घ्या. ते मास्टर्स ठरलं तर व्यावसायिक पदवीचा प्रश्नच उरत नाही.

चुकून जास्त गुणांचा दावा केला असेल तर काय? निमंत्रण आलं नसेल तोवर प्रोफाइल लगेच दुरुस्त करा. निमंत्रण आलं असेल आणि खऱ्या गुणांवर ते मिळालंच नसतं हे कळत असेल, तर ते नाकारून पुन्हा यादीत जाता येतं. अर्जासाठी मिळणाऱ्या ६० दिवसांत ‘बघू, चालून जाईल’ असं म्हणून पुढे जाऊ नका. चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षांची बंदी येऊ शकते, आणि वकिलाच्या नावावर तो ठपका पुढे लॉ सोसायटीसमोरही त्रास देतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. ट्रान्सक्रिप्ट बहुतेक वेळा विद्यापीठाकडून थेट मूल्यांकन संस्थेकडे जावी लागते, पाकीट सील केलेलं आणि चिकटवलेल्या जागेवर सही-शिक्का असलेलं. ‘आत सगळं बरोबर आहे ना’ म्हणून ते पाकीट उघडलंत की ते वाया गेलं. पाकिटावर संस्थेने दिलेला तुमचा संदर्भ क्रमांक लिहिलेला असू द्या, नाहीतर ते पोहोचूनही कुणाच्या फाइलमध्ये लागत नाही. बार कौन्सिलची सनद हे शैक्षणिक कागदपत्र नाही. ईसीएला तिचा उपयोग नाही, ती एनसीएच्या कामी येते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर नावबदलाचा पुरावा अर्जासोबतच द्या, विचारण्याची वाट पाहू नका.

मूल्यांकन मागवताना ते कशासाठी हवंय ते नीट निवडा. नोकरी किंवा पुढच्या शिक्षणासाठीचा अहवाल तपशीलवार असला तरी इमिग्रेशनला चालत नाही. तिथे ईसीएच लागतो. अहवालाची मुदत पाच वर्षं असते आणि प्रोफाइल भरताना तसंच पीआरचा अर्ज करताना, दोन्ही दिवशी तो वैध असावा लागतो. नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर त्यांच्या शिक्षणाचे गुण त्यांच्या वेगळ्या ईसीएशिवाय मिळत नाहीत. हे गुण जास्तीत जास्त १० असतात, पण काठावरच्या माणसाला तेही पुरतात.

आणि अहवालात पातळी कमी लागली तर लगेच दुसऱ्या संस्थेकडे धावू नका. आधी त्याच संस्थेला फेरतपासणीची विनंती करा. सोबत प्रवेशाची अट काय होती आणि अभ्यासक्रम किती वर्षांचा होता हे दाखवणारा विद्यापीठाचा अधिकृत कागद जोडा. एलएलबीला प्रवेश घेण्यासाठी आधीची पदवी लागत होती, हे बऱ्याचदा त्या एका कागदावरूनच स्पष्ट होतं.