सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही: पॉइंटवाल्या जुन्या व्हॅनमधला बिघाड शोधताना

टाकीत पेट्रोल आहे, सेल्फ जोरात फिरतोय, तरी गाडी चालू होत नाही म्हटलं की लोक आधी प्लग काढायला बसतात. प्लग शेवटी. आधी करंट कुठवर पोहोचतोय ते बघा. (हे सगळं सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, असलेल्या पेट्रोल इंजिनाबद्दल आहे; इलेक्ट्रॉनिक इग्निशनला खालची बल्बची चाचणी लावू नका.)

बॅटरी बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर ठिणगी कमजोरच पडणार. टर्मिनल घासा, इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची पट्टी घट्ट करा.

कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून ठिणगीचा उच्च दाब तयार करते आणि डिस्ट्रिब्युटर तो एकेका प्लगला वाटतो. मग कॉइलकडून येणारी जाड एचटी (उच्च दाबाची) वायर डिस्ट्रिब्युटर कॅपच्या, म्हणजे झाकणाच्या, मधून काढा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पेट्रोलची गळती नाही, एवढं आधी बघा. वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने इंजिनाच्या उघड्या धातूपासून ५-६ मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. वायर नुसती लोंबकळत ठेवू नका. करंटला वाट मिळाली नाही तर कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फुटतं. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर दोष पुढे आहे: रोटर (कॅपखालचा फिरणारा तुकडा), कॅप, वायरी किंवा प्लग. कॅपच्या आत ओल, केसासारखी काळी रेघ किंवा झिजलेला कार्बन सापडतोच बहुधा.

ठिणगी नसेल तर १२ व्होल्टचा बल्ब घ्या. एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या प्लसला. चावी ऑन केल्यावर तो पेटला नाही तर चावी, फ्यूज किंवा वायर बघा. पेटला तर तेच टोक मायनसला लावून सेल्फ मारा. लुकलुकला तर पॉइंट काम करताहेत. संशय कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारी छोटी डबी) आणि कॉइलवर. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही करंट जात नाही. अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर बॉडीला लागलीय, किंवा कॉइलचं प्रायमरी (१२ व्होल्टच्या बाजूचं वेटोळं) तुटलंय.

पॉइंटची टाच (डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासणारा भाग) कॅमच्या उंचवट्यावर असताना फट साधारण ०.४ मिमी हवी. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच धरा. टाच झिजत जाते तशी फट कमी होते. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्टीचं) तेल पॉइंटवर राहिलं तर नुकती लावलेली फटही फुकट जाते, म्हणून पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा कागद मधून ओढा आणि ते वाळू द्या. नवे पॉइंट बसवल्यावर ठिणगीच गेली असेल तर इन्सुलेटिंग वॉशर उलटसुलट लागलाय का बघा. पॉइंट लवकर काळे पडून जळत असतील तर कंडेन्सर बदला. मोजत बसण्यापेक्षा ते स्वस्त.

चावी सेल्फवर असताना इंजिन पेटतं आणि सोडताच बंद पडतं? मग बॅलास्ट रेझिस्टर (गाडी चालू असताना कॉइलचा करंट आवरणारा रोध) किंवा चावीचा रनिंगचा कॉन्टॅक्ट गेलाय. बॅलास्ट काढून सरळ जोडणी करू नका. बॅलास्टवाल्या कॉइलचं प्रायमरी साधारण दीड ओहमचं असतं (साध्या कॉइलचं तीनच्या आसपास), थेट १२ व्होल्ट दिले की कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. पॉइंट मिटलेले असताना चावी ऑन ठेवली तरी कॉइल तापतेच, तपासणी झाली की चावी बंद करा.

पॉइंटची फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं. गाडी चालू झाल्यावर ते पुन्हा लावून घ्या.