समलिंगी जोडीदाराचं नाव रेशनकार्डापासून पीएफपर्यंत कसं लावावं

‘लग्न कायदेशीर नाही, म्हणजे काहीच मिळत नाही’ हा एक सल्ला. ‘कोर्टाने आता मान्यता दिली, सगळं मिळतं’ हा दुसरा. दोन्ही सारखेच चुकीचे, आणि दुसरा जास्त महागात पडणारा.

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. त्यामुळे कुठल्याही सरकारी अर्जात एकमेकांना ‘पती’ किंवा ‘पत्नी’ लिहू नका. परदेशात केलेल्या लग्नाचं प्रमाणपत्र असलं तरी नाही. खोटी माहिती म्हणून तोच कागद पुढे तुमच्यावर उलटतो. स्त्री-पुरुष नात्यातल्या ट्रान्सजेंडर व्यक्तींची गोष्ट वेगळी. त्यांना प्रचलित विवाह कायद्यांनुसार लग्न करता येतं हे त्याच निकालात म्हटलं आहे, आणि तसं लग्न झालेलं असेल तर पुढची बरीचशी खटपट तुम्हाला लागू नाही.

बाकीच्यांनी एक गोष्ट धरून चालायची. ‘कुटुंब’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक योजनेत वेगळा आहे. एका खिडकीवर नाव लागलं म्हणून दुसऱ्या खिडकीवर लागेलच असं नाही, आणि उलटही नाही.

रेशनकार्ड

केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने २०२४ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवून कळवलं, की शिधापत्रिकेसाठी समलिंगी नात्यातले जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत. त्या पत्राची प्रत अर्जाला जोडाच. खिडकीवरच्या माणसाने ते वाचलेलं असेल या आशेवर जाऊ नका.

पण आधी हिशोब करा. एकत्र कार्ड म्हणजे एकत्र उत्पन्न. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. शहरात दोघांचं उत्पन्न प्रत्येकी ४०,००० असेल, तर वेगळ्या कार्डांवर दोघंही मर्यादेत आहात, एका कार्डावर दोघंही बाहेर. धान्य माणशी ५ किलोच मिळतं, नावं एकत्र केल्याने ते वाढत नाही. अंत्योदय कार्डावर ३५ किलो कार्डामागे मिळतं, तेव्हा दोन कार्डांचं एक करणं हा सरळ तोटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं वर्षाला ५ लाखांचं संरक्षणही कुटुंबामागे आहे. एकत्र नाव घालण्यात अर्थ आहे तो एकाचं नाव कुठल्याच कार्डावर नसेल तेव्हा, किंवा गावाकडच्या कार्डात अडकून पडलेलं असेल तेव्हा.

ठरलं असेल तर आधी जुन्या कार्डातून नाव कमी करून दाखला घ्या (नमुना ९), मग नाव वाढवण्याचा अर्ज द्या (नमुना ८). हा क्रम चुकवू नका. आधार जुन्या कार्डाला जोडलेलं राहिलं तर नवा अर्ज तिथेच अडतो. राहत्या पत्त्याचा पुरावा म्हणून दोघांच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार सर्वांत बरा. नात्याच्या रकान्यात ‘जोडीदार’ लिहा, यादीत तो शब्द नसेल तर ‘इतर’. ‘मित्र’ लिहिलंत की कुटुंब असल्याचा दावा तुम्हीच सोडलात, आणि ‘भाऊ’ किंवा ‘बहीण’ हे तर सरळ खोटं. कुटुंबप्रमुखावरूनही वाद निघतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री प्रमुख असते, आणि घरात स्त्रीच नसेल तर सर्वांत मोठा पुरुष. ‘बाईशिवाय कार्ड होत नाही’ असं सांगितलं गेलं तर हे कलम दाखवा.

तोंडी नकार मिळाला तर तो नकार नव्हेच. अर्ज आवक करून पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करा.

पीएफ: सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो

भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) पोर्टलवर जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून भरलं, ई-साइन झाली, म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. पोर्टल नाव घेतं. ते नाव टिकतं की नाही हे दावा करायच्या दिवशी ठरतं, आणि त्या दिवशी दुरुस्त करायला तुम्ही नसता.

भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मध्ये कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, मुलं, आश्रित आई-वडील, मृत मुलाची पत्नी आणि मुलं. स्त्री सदस्याच्या बाबतीत पतीचे आश्रित आई-वडीलही. परिच्छेद ६१ सांगतो, की सदस्याला कुटुंब असेल तर नॉमिनी त्या कुटुंबातलाच हवा, बाहेरच्याचं नाव अवैध. कुटुंब नसेल तर कोणालाही नेमता येतं. म्हणजे सगळं ‘आश्रित’ या एका शब्दावर येऊन थांबतं. भाऊ-बहीण या व्याख्येत नाहीत, त्यांची काळजी करू नका. आई-वडील हयात नसतील, किंवा स्वतःच्या पेन्शनवर वा उत्पन्नावर राहत असतील, तर अविवाहित आणि निपुत्रिक सदस्याला या व्याख्येप्रमाणे कुटुंब नाही. मग जोडीदाराचं नाव वैध.

आई-वडील खरोखर तुमच्यावर अवलंबून असतील तर पोर्टलवर ‘कुटुंब नाही’ असं निवडू नका. ‘कोण तपासतंय’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तपासतात ते आई-वडीलच, दावा घेऊन येतात तेव्हा. अशा वेळी पीएफ त्यांच्या नावे राहू द्या आणि जोडीदाराचा वाटा पीपीएफ, मुदत ठेव आणि मृत्युपत्रातून भरून काढा. परिस्थिती बदलली की नॉमिनेशन नव्याने भरा. जुनं अवैध नाव आपोआप वैध होत नाही.

एक धोका आपल्याकडे विशेष आहे. नंतर कुटुंब निर्माण झालं की आधीचं नॉमिनेशन त्याच क्षणी रद्द समजलं जातं. घरच्यांच्या दबावाखाली लग्न केलं आणि सहा महिन्यांत वेगळे झालात, तरी घटस्फोट होईपर्यंत कायद्याने कुटुंब आहे आणि जोडीदाराचं नाव गेलेलं आहे. एकट्याने मूल दत्तक घेतलं तरी तेच. असा कुठलाही बदल झाला की त्याच आठवड्यात पोर्टल उघडा.

आता पेन्शन. तिचं नॉमिनेशन वेगळं भरायचं असतं, आणि नेमकं तेच राहून जातं. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मधली कुटुंबाची व्याख्या अरुंद आहे: पती किंवा पत्नी आणि मुलं. आई-वडील त्यात नाहीत. म्हणून अविवाहित, निपुत्रिक सदस्याला आई-वडील आश्रित असले तरी पेन्शनसाठी कोणाही एका व्यक्तीला नेमता येतं आणि तिला विधवा पेन्शनइतकी रक्कम मिळते. नाव भरलंच नसेल तर पेन्शन आश्रित वडिलांकडे आणि त्यांच्यानंतर आईकडे जाते. जोडीदाराला मासिक आधार मिळण्याची ही दुर्मीळ सरकारी वाट आहे. ती रिकामी सोडणं अक्षम्य.

पीएफशी जोडलेल्या विम्याची रक्कम (कमाल ७ लाख) पीएफच्या नॉमिनीलाच जाते, त्यासाठी वेगळा अर्ज नाही. भरताना नॉमिनीचं आधार आणि फोटो लागतो. शेवटी आधार ओटीपीने ई-साइन केली नाही तर सगळं ‘प्रलंबित’ राहतं. स्थिती पाहून पीडीएफ उतरवून ठेवा.

सरकारी नोकरीतलं कुटुंब निवृत्तिवेतन जोडीदाराला मिळत नाही. तिथे अर्जविनंत्यांत वर्षं घालवू नका.

बँक आणि विमा

बँकेचं सोपं आहे. संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही, हे वित्तीय सेवा विभागाने २८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केलं आहे. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीचं ठेवा.

विम्यात मात्र जपून. विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये रकमेचा खरा मालक ठरणारा नॉमिनी म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुलं. जोडीदार नॉमिनी असला तर कंपनी पैसे त्याच्या हाती देते, पण वारस ते मागू शकतात. बँकेच्या ठेवींनाही हेच लागू. यावर उपाय एकच.

मृत्युपत्र

मृत्युपत्र न करता अविवाहित हिंदू पुरुष गेला तर सगळं आईकडे जातं, आई नसेल तर वडिलांकडे. अविवाहित स्त्रीचं आई-वडिलांकडे. जोडीदार वारसांच्या यादीत कुठेच नाही.

साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, आणि तुम्ही सही करताना दोघं समोर असू द्या. जोडीदाराला साक्षीदार करू नका. प्रत्येक पॉलिसी, ठेव आणि खातं क्रमांकासह लिहा. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी कराच, कारण आव्हान बहुधा घरातूनच येतं. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता अशी देता येत नाही.

‘त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाका’ असं सुचवणाऱ्याला प्राप्तिकर कायदा उघडायला सांगा. त्यातल्या नातेवाइकांच्या व्याख्येत जोडीदार नाही, म्हणून वर्षभरातल्या भेटी ५०,००० रुपयांवर गेल्या की पूर्ण रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. मृत्युपत्राने मिळालेल्यावर हा कर नाही. राहतं घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये असतं, ती सवलतही तुम्हाला नाही.

दवाखाना

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ च्या कलम १४ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला नामनिर्देशित प्रतिनिधी (मानसिक उपचारांच्या निर्णयांत तुमच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) करता येतं. साधा कागद आणि सही पुरते, नातं लागत नाही. अखेरच्या उपचारांबाबतचं आगाऊ निर्देशपत्र दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करा, त्यात जोडीदाराचं नाव घाला आणि एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर पार्थिव जोडीदाराच्या ताब्यात द्यावं, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे. ‘उपलब्ध नसतील तर’ हे शब्द नीट वाचा: नातेवाईक हजर असतील तर हे पत्र पुरत नाही.