आपली थीम दुसऱ्याला मोफत देताना

मी कोल्हापुरात वेबसाइटची कामं करते. उद्यमनगरातल्या फाउंड्र्या, महाद्वार रोडवरची चपलांची दुकानं, गुळाचे व्यापारी यांच्या साइट बनवणं हा पोटापाण्याचा धंदा. त्याच्या जोडीला मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मी एक अगदी साधी ब्लॉगची थीम, म्हणजे पानाची मांडणी आणि अक्षरांचं रूप ठरवणाऱ्या तयार फाइलींचा संच, केली आणि ती कुणालाही मोफत घेता येईल अशी ठेवली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलंमुली विचारतात, "ताई, दाखवायला हातात काहीच काम नाही, सुरुवात कुठून करू?" त्यांना मी हेच सांगते: एक छोटी थीम करा आणि देऊन टाका. पण झिप फाइल कुठंतरी चढवली म्हणजे ती दिली असं होत नाही. एखाद्या अनोळखी माणसाला तुम्हाला फोन न करता ती बसवता आली, बदलता आली आणि त्याचं मराठी तिच्यात नीट दिसलं, तर दिली. सगळी मेहनत तिथंच आहे.

साधी का, हे कोल्हापूरकराला फार समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की अख्खं शहर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्याखाली होतं. वीज नाही, फोनची बॅटरी संपत आलेली, रेंज मिनिटाला येते आणि जाते. अशा वेळी माणसाला एक आकडा हवा असतो. तो आकडा फिरत्या बॅनरखाली दडलेला असला तर पान उघडेपर्यंत रेंज गेलेली असते. म्हणून माझी पहिली अट अशी की जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात हालचाल आणणारा कोड, बंद असली तरी मजकूर पूर्ण वाचता आला पाहिजे आणि तो सगळ्यात आधी दिसला पाहिजे. स्लायडर, पॉपअप, बाजूची पट्टी यांपैकी काहीही ठेवण्याआधी विचारा, हे काढलं तर वाचणाऱ्याचं काय अडेल? तारखेचं मात्र अडतं. काही डिझायनर पान मोकळं दिसावं म्हणून लेखाची तारीखच उडवतात, ते मला अजिबात पटत नाही. मागच्या पुराची बातमी यंदा नव्यानं फिरते ती तारीख नसल्यामुळंच. शोधायची चौकट, जुन्या लेखांची वाट आणि लिहिणाऱ्याचं नाव हेही राहू द्या.

पानावरून बाकी सगळं गेलं की उरतात अक्षरं, आणि मराठी थीमचं खरं काम अक्षरांवरच आहे. बाजारातल्या बहुतेक थीम इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यांचं माप देवनागरीला चालत नाही. इंग्रजीत ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवली तरी भागतं, आपल्याकडं वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं. मी १.७ ते १.८ च्या खाली जात नाही. शीर्षक उठावदार दिसावं म्हणून ही उंची १.१ केलेली असते, तिथं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय देवनागरीसाठी बंदच करा, कारण त्यानं शिरोरेघ तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. फॉन्टमध्ये तिरपं अक्षर नसेल तर ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरकं करतो, ते भयंकर दिसतं. जोर द्यायचा शब्द मी ठळक वजनात घेते.

एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी आहे हे नोंदवायला विसरू नका. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा भरलेला असतो, पण भाषा सांगितल्याशिवाय तो बाहेर येत नाही. राज्य शासनानं २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढताना हीच दोन वळणं मराठीची म्हणून धरली आहेत. मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही या नोंदीवरूनच कळतं की मजकूर मराठी उच्चारात वाचायचा आहे. तपासणीसाठी एक ओळ कायम हाताशी ठेवा. माझ्या ओळीत 'किनाऱ्यावर', 'विठ्ठल', 'ॲप', 'ज्ञान', 'शाळा', 'लाल' असे शब्द असतात. 'किनाऱ्यावर'मधला अर्धा ऱ चंद्रकोरीसारखा आला पाहिजे. त्याच्या जागी रफार किंवा सुटा हलन्त दिसला तर तो फॉन्ट बाजूला ठेवा. हीच ओळ स्वस्तातल्या जुन्या अँड्रॉइड फोनवरही बघा, कारण आपले बरेचसे वाचक तिथंच आहेत. आणि राखाडी अक्षरांचा मोह टाळा. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ला १ असावा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. भर उन्हात एसटी स्टँडवर उभं राहून फोन बघितला की हा आकडा का ठेवलाय ते समजतं.

फॉन्टसाठी 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' यांच्यापासून सुरुवात करा. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे थीमसोबत वाटता येतात. फाइल थीमच्याच फोल्डरात ठेवा, गूगलच्या सर्व्हरवरून ओढू नका. २०२२च्या जानेवारीत म्यूनिकच्या न्यायालयानं अशा प्रकारे वाचकाच्या संमतीविना त्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) गूगलकडं जाणं बेकायदा ठरवलं आणि त्यानंतर ब्लॉग आणि साइट चालवायच्या वर्डप्रेस या प्रणालीनंही थीम करणाऱ्यांना फॉन्ट स्वतःजवळ ठेवायला सांगितलं. अक्षरांची वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, दोनच घ्या. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळं मुळातच जड असते.

आता परवान्याकडं येते. इथं नवी मुलं हमखास अडखळतात. कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवला म्हणजे तो सगळ्यांना वापरायला मोकळा झाला, असा अनेकांचा समज असतो. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो. तुम्ही लिहिला त्या क्षणी हक्क तुमचा आणि तो तुमच्या हयातीत व पुढं ६० वर्षं राहतो. म्हणजे तुम्ही लेखी परवानगी दिली नाही, तर नियमानं वागणाऱ्या माणसाला तुमच्या थीमला हात लावता येत नाही. ही परवानगी परवान्याच्या फाइलनं मिळते. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं तेच जीपीएल या मुक्त परवान्याखाली, आणि त्यांच्या अधिकृत थीमच्या यादीत जायचं तर तुमची थीम, तिच्यातला फॉन्ट, नमुन्याचा फोटो, सगळंच जीपीएलशी जुळणारं लागतं. रंकाळ्याचा एखादा सुंदर फोटो नेटवरून उचलून स्क्रीनशॉटमध्ये टाकाल तर तिथंच अडाल. स्वतः जाऊन काढा. वर्डप्रेसबाहेरची साधी एचटीएमएल थीम असेल तर एमआयटी परवाना छोटा आणि सुटसुटीत आहे. या दोघांत मोठा फरक असा की जीपीएलखालची थीम बदलून पुढं वाटणाऱ्यालाही ती जीपीएलखालीच द्यावी लागते, एमआयटीत तसं बंधन नाही. मी जीपीएल घेतला. माझ्या कामात कुणी मराठीची सोय वाढवली तर तीही सगळ्यांना मिळावी, असं मला मनापासून वाटतं. दोन्ही परवान्यांत विकायला मुभा आहे. तुमची मोफत थीम कुणी पैसे घेऊन बसवून देत असेल तर तो चोर नव्हे. तुम्हीही बसवून देण्याचे पैसे घेऊ शकता, मी घेते.

सोबतची माहिती मराठीत लिहा. ही पायरी मुलं टाळतात आणि मग रोज तोच प्रश्न फोनवर येतो. माझी थीम वापरणाऱ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, पाककृती लिहिणाऱ्या काकू आहेत, गडकोटांवर भटकणारी पोरं आहेत. त्यांना 'चाइल्ड थीम' (मूळ थीमला हात न लावता बदल करायची जोडथीम) हा शब्द माहीत असायचं कारण नाही. म्हणून मी लिहिते: थीमच्या मूळ फाइलीत बदल करू नका, नवी आवृत्ती घेतली की तो पुसला जाईल, रंग बदलायचा तर अमुक ठिकाणी बदला. आणि बाण काढलेलं चित्र देते.

त्या माहितीत लेखाच्या वेबवरच्या पत्त्याबद्दलही (यूआरएल) एक परिच्छेद आहे, कारण मराठी लेखांचे पत्ते वर्डप्रेसमध्ये अर्धवट तुटतात. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ खुणांचं होतं आणि वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० खुणांचीच जागा देतं. काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'कोल्हापूरच्या गुळाचा हंगाम' असं शीर्षक दिलंत तर पत्ता 'कोल्हापूरच्या-गुळाचा-हंग' इथं संपतो. हा थीमचा दोष नव्हे, पण वापरणारा तुम्हालाच विचारणार. त्यामुळं लेख प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हातानं छोटा करा, हे मी ठळक अक्षरात लिहून ठेवलंय.

तळाशी तुमच्या नावाचा एक दुवा ठेवायला हरकत नाही, पण तो काढता आला पाहिजे. काही मोफत थीममध्ये भलत्याच जाहिरातींचे दुवे लपवलेले सापडतात, त्यामुळं आपल्याकडं लोक 'फुकट आहे, म्हणजे काहीतरी गोम असणार' असंच धरून चालतात. तुमचा कोड उघडून कुणी पाहिला तर त्याला तिथं काही लपलेलं सापडू नये.

थीम दिल्यावर मागण्या येतात. मेनू फिरता करा, फेसबुकची चौकट टाका, पाहुण्यांची संख्या दाखवा. मागणारे प्रेमानं मागतात, "भावा, एवढं करच की" असं म्हणतात, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरी म्हणा. सगळ्यांची हौस पुरवली की थीम साधी राहत नाही. चूक कळवणाऱ्याला मात्र त्याच आठवड्यात उत्तर द्या आणि दुरुस्ती झाली की आवृत्तीचा क्रमांक बदलून काय बदललं ते दोन ओळींत लिहा.

यातून पैसे मिळतात का, हा प्रश्न घरातून येणारच. थीममधून थेट नाही. पण मुलाखतीला बसलात आणि समोरच्याला तुमचा कोड, माहितीची फाइल, चुका दुरुस्त केल्याच्या नोंदी दाखवता आल्या तर प्रमाणपत्रांपेक्षा त्याचं वजन जास्त पडतं. माझ्याकडं आलेली बरीच कामं थीम वापरणाऱ्यांच्या ओळखीतून आली. अक्षरांचं जे शिकले ते मग चपलांच्या दुकानाच्या साइटलाही लावलं.

पुढं कधी नोकरी लागेल, शहर सुटेल आणि थीमकडं बघायला वेळ उरणार नाही. तेव्हा ती गुपचूप सोडून देऊ नका. माहितीच्या फाइलीत वरच लिहा की आता मी ही सांभाळत नाही, ज्याला सांभाळायची असेल त्यानं कळवावं. परवाना नीट दिलेला असला तर पुढच्याला तुमच्या सहीचीही गरज लागत नाही, तो लगेच कामाला लागू शकतो.